मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा शिट्टी हाती घेताना : पंचांसाठी मार्गदर्शन

मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या पंचाला घरचे, शेजारचे आणि संघटनेतले सगळे जण एकच प्रश्न विचारतात : "आता दुखत नाही ना?" पंचाच्या बाबतीत हा प्रश्न दुय्यम आहे. कबड्डीत चढाई सुरू असताना ज्याचे अर्धे लक्ष स्वतःच्या कमरेकडे असते, त्याच्या नजरेतून बोनस रेषेवरचा (जादा गुणाच्या रेषेवरचा) पाय निसटतो आणि त्याचा भुर्दंड खेळाडूला भरावा लागतो. त्यामुळे शेवटच्या चढाईपर्यंत आपले लक्ष खेळावर राहते की नाही, यावरूनच मैदानावर परतण्याची वेळ ठरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः नाशिकमध्ये कबड्डीची पंचगिरी करतो आणि कमरेच्या गादीच्या (दोन मणक्यांमधल्या डिस्कच्या) शस्त्रक्रियेनंतर पुन्हा ड्युटी घेऊ लागलो आहे. साहजिकच पुढील उदाहरणांत कबड्डी अधिक येईल, तरी क्रिकेट, खो-खो, व्हॉलीबॉल आणि फुटबॉलच्या पंचांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील. हे लेखन वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. सल्ला घ्यायला जाताना काय विचारावे आणि तो मिळाल्यावर मैदानाच्या बाजूने काय तयारी करावी, एवढेच येथे मांडले आहे.

पहिली पायरी : आपली शस्त्रक्रिया नेमकी कोणती, हे समजून घ्या

"मणक्याचे ऑपरेशन झाले" एवढीच माहिती असलेले अनेक पंच भेटतात आणि मग ते दुसऱ्याच्या अनुभवावरून स्वतःचे वेळापत्रक ठरवतात. ही तुलना धोक्याची आहे, कारण मणक्याच्या शस्त्रक्रिया एकसारख्या नसतात. डिस्केक्टॉमीमध्ये गादीचा बाहेर येऊन नसेवर दाबणारा भाग काढला जातो. रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात आणि पायातली कळ झपाट्याने कमी होते. मात्र गादीच्या कवचाला भरून येण्यास काही आठवडे लागतात. राहिलेला भाग पुन्हा बाहेर येण्याचे प्रमाण शंभरात साधारण पाच ते पंधरा असे सांगितले जाते, आणि म्हणूनच सुरुवातीचे चार ते सहा आठवडे वाकणे, कमरेतून वळणे आणि वजन उचलणे या तिन्ही गोष्टी बहुतेक शल्यचिकित्सक बंद ठेवतात. लॅमिनेक्टॉमीमध्ये नसांची वाट मोकळी करण्यासाठी मणक्याच्या मागील कमानीचा भाग काढला जातो. ही शस्त्रक्रिया वयाने ज्येष्ठ पंचांमध्ये अधिक आढळते.

फ्यूजनचा प्रकार पूर्ण वेगळा आहे. त्यात दोन किंवा अधिक मणके स्क्रू आणि सळयांनी स्थिर करून त्यांच्यामध्ये हाड धरू देतात. स्क्रू आधार देतात, पण खरी मजबुती हाड जुळल्यावर येते आणि त्यासाठी तीन ते सहा महिने, काहींना वर्षभरही लागते. अडचण अशी की हाड जुळण्याच्या पुष्कळ आधीच माणसाला बरे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच काळात "एक सामना काढून द्या ना, साहेब" असा फोन येतो. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय फ्यूजन झालेल्या पंचाने पळापळीची ड्युटी घेऊ नये. तंबाखू कोणत्याही रूपात सुरू असेल, तर हाड जुळण्यात अडथळा येतो, हेही येथेच सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या मैदानांवर मळणारे हात कमी नाहीत. काही वेदनाशामक गोळ्यांचाही हाड जुळण्यावर परिणाम होऊ शकतो. त्या औषधदुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मानेची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मान डावीकडे-उजवीकडे किती वळते, हे विशेषत्वाने तपासून घ्यावे. व्हॉलीबॉल, टेबल टेनिस किंवा बॅडमिंटनच्या पंचाची मान सामनाभर फिरत असते, आणि ती कमी वळत असेल तर खांद्यासह धड वळवावे लागते. मग ताण मानेचा कमरेवर जातो.

दुसरी पायरी : आपले काम हालचालींमध्ये मोडून लिहून काढा

या पायरीवर सर्वाधिक वेळ घालवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण बाकीचे सारे हिच्यावर अवलंबून आहे. डॉक्टरांना मणका कळतो, पण पंच मैदानावर नेमके काय करतो, हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. "पंच म्हणजे उभेच राहायचे ना?" असे विचारून ते सही करून देतात आणि आपणही खूश होऊन घरी येतो.

कबड्डीचेच पाहू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. टाइम-आउट धरून पंच जवळपास तासभर उभा असतो. चढाईपटू निदानरेषेकडे (चढाईत ओलांडायच्या रेषेकडे) जातो, तसा पंच कडेने त्याच्याबरोबर सरकतो, बोनसच्या वेळी मागचा पाय हवेत आहे की नाही हे पाहण्यासाठी कमरेतून झुकतो आणि दुसऱ्याच क्षणी मध्यरेषेकडे परततो. पकड झाली की चार-पाच खेळाडूंचा ढीग लॉबी (मैदानाच्या कडेची पट्टी) ओलांडून थेट पंचाच्या पायांवर येतो. त्या वेळी मागे उडी घेत, कमरेत वळत, नजर मात्र मध्यरेषेकडे ताणलेल्या बोटांवर ठेवावी लागते. माझ्या मते कबड्डीच्या पंचासाठी सगळ्यांत जोखमीची हालचाल हीच आहे, कारण तीत झुकणे, वळणे आणि दचकणे एकाच वेळी घडते.

क्रिकेटच्या पंचाचे दुखणे वेगळे. दिवसभराच्या सामन्यात ९० षटके उभे राहणे हा मुख्य भार असतो. शिवाय खाली पडलेल्या बेल्स उचलून बसवणे, खेळाडूंच्या टोप्या आणि स्वेटर सांभाळणे असते. लेग बायची खूण करताना गुडघा उचलून त्याला हात लावायचा म्हणजे क्षणभर एका पायावर तोल सावरायचा. नस दबून पायाची ताकद कमी झालेल्या माणसाला ही साधी खूणही अवघड जाते. खो-खोचा पंच नऊ मिनिटांच्या डावात पाठलाग करणाऱ्याबरोबर पळतो आणि खांबाजवळ अचानक थांबतो. व्हॉलीबॉलच्या प्रथम पंचाची नजर जाळ्याच्या वरच्या कडेपासून साधारण ५० सेंटिमीटर उंच असावी लागते, म्हणून तो उंच चौथऱ्यावर उभा असतो. त्याच्यासाठी उभे राहण्यापेक्षा चढणे-उतरणे अधिक कसोटीचे ठरते. फुटबॉलचा सहायक पंच रेषेवर सतत आडवा सरकतो, तर मुख्य पंच वरच्या दर्जाच्या सामन्यात १० किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो. फिफाच्या क्षमता चाचणीत ४० मीटरच्या सहा धावा आणि त्यानंतर ७५ मीटर धावणे व २५ मीटर चालणे असे ४० वेळा करावे लागते.

आपल्या खेळाची अशी यादी करा आणि तिच्याबरोबर जुन्या सामन्यातले, आपण पंचगिरी करत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर घेऊन डॉक्टरांकडे जा. ढीग अंगावर येताना पंच कसा मागे सरकतो, हे त्यांनी एकदा पाहिले की सल्ल्याचा सूरच बदलतो. प्रमाणपत्रातही नुसते "तंदुरुस्त" असे न लिहिता, सलग तासभर उभे राहणे, कडेने वेगाने सरकणे, पुढे झुकणे आणि पळणे यांपैकी कशाला परवानगी आहे, हे स्वतंत्रपणे लिहून मागा.

तिसरी पायरी : चालणे, आणि प्रवासाचा हिशेब

सुरुवातीच्या आठवड्यांत चालण्याइतका चांगला व्यायाम नाही. एकदाच लांब चालण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे चालावे आणि अंतर आठवड्यागणिक वाढवावे. गोल्फ क्लबचा किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक यासाठी योग्य आहे, कारण तेथे सपाटी आहे, दमल्यावर टेकायला जागा आहे आणि ओळखीचे कोणीतरी भेटतेच. गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्या आणि पांडवलेणीची चढण या दोन्ही गोष्टी पुष्कळ नंतरच्या आहेत. पांडवलेणी चढताना दम लागतो, पण मणक्याची परीक्षा उतरताना होते, हे लक्षात असू द्यावे. अंथरुणातून उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने बसावे; ही सवय कायमची लावून घेतलेली बरी.

मैदानापेक्षा मैदानापर्यंतचा रस्ता अधिक त्रास देतो, असे मी अनुभवाने म्हणतो. पावसाळ्यानंतर शहरातल्या रस्त्यांची जी अवस्था होते, तीत दुचाकीवर बसून पंचवटीतून सातपूरला जाणे म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट कमरेत घेणे होय. डॉक्टर स्वतः हो म्हणेपर्यंत दुचाकी चालवू नये आणि मागेही बसू नये. जिल्ह्यातल्या ड्युटीसाठी एसटीने जात असाल तर मागच्या चाकावरची आणि शेवटच्या रांगेतली जागा टाळून मधल्या भागात बसावे. सिन्नरचा साधारण ३० किलोमीटरचा प्रवास आणि मालेगावचा १०० किलोमीटरहून अधिकचा प्रवास यांत फरक करावा. पहिल्या हंगामात लांबच्या तालुक्याची नेमणूक आली, तर त्याच दिवशी पोहोचून लगेच मैदानात उतरण्याचे टाळावे. दोन-अडीच तास बसून आलेली कमर उभी राहण्यास नाखूश असते. बॅग खांद्यावर एका बाजूला न लटकवता पाठीवर दोन्ही पट्ट्यांनी घ्यावी आणि ती हलकी ठेवावी.

चौथी पायरी : ताकद, पण आपल्या कामापुरती

फिजिओथेरपिस्टकडे जाताना वरची यादी पुन्हा सोबत न्या. पोटाचे खोल स्नायू, मणक्यालगतचे लहान स्नायू आणि नितंबांचे स्नायू हे कमरेचे खरे रक्षक असून ब्रिज (उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे), चार पायांवर येऊन विरुद्ध हात-पाय उचलणे यांसारखे व्यायाम त्यांच्यासाठीच असतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झुकण्याची पद्धत बदलणे : पाठ सरळ ठेवून, गुडघे किंचित वाकवून, नितंब मागे नेत खुब्यातून झुकायला शिकावे. बोनस रेषा पाहण्यासाठीही एवढे झुकणे पुरते. एक पाय पुढे टाकून नजर खाली नेली, तर कमरेला वाकवावेच लागत नाही; आरशासमोर याचा सराव केल्यास ते महिनाभरात अंगवळणी पडते.

कमरेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापुरताच वापरावा. पट्टा बांधून सामना काढणारे पंच मी पाहिले आहेत; मला ते पटत नाही, कारण ज्याला पट्ट्याशिवाय तासभर उभे राहता येत नाही, त्याची वेळ अजून आलेली नाही.

शिट्टीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून एक वाक्य. जोराने फुंकताना पोटात दाब वाढतो आणि सुरुवातीला शिंक किंवा खोकला जसा कमरेत जाणवतो, तशी शिट्टीही जाणवू शकते. घरी हळू फुंकण्यापासून सुरुवात करावी.

पाचवी पायरी : संघटनेला सांगा आणि टेबलापासून परत या

जिल्हा संघटनेच्या सचिवांना आणि पंचमंडळाच्या प्रमुखांना लेखी कळवा. यादीतून नाव जाईल या भीतीने शस्त्रक्रिया लपवणारे असतात. पण स्पर्धेच्या मध्यात पंच बदलावा लागला, तर आयोजकांची पंचाईत होते आणि पुढच्या नेमणुकीत खरोखरच नाव मागे पडते. पत्रात काय करू शकतो हे आधी लिहावे, काय करू शकत नाही हे नंतर. याच काळात नियमांत झालेले बदल वाचून घ्यावेत आणि उजळणी वर्ग असेल तर त्याला बसावे.

परतीचा क्रम साधारण असा ठेवावा : वेळाधिकारी, मग गुणलेखक, मग रेषेवरचे काम, मग पंच आणि सर्वांत शेवटी सरपंच किंवा मुख्य पंच. यात वेळाधिकाऱ्याला मी मुद्दाम गुणलेखकाच्या आधी ठेवले आहे. गुणलेखन हे बसून करण्याचे काम असल्यामुळे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्लास्टिकच्या खुर्चीवर पुढे वाकून तासभर लिहिणे हे गादीच्या शस्त्रक्रियेनंतर उभे राहण्यापेक्षा जड जाते. वेळाधिकाऱ्याला मनात येईल तेव्हा उभे राहता येते. गुणलेखन घेतलेच, तर कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, टेबल उंच मागावे आणि प्रत्येक टाइम-आउटला उभे राहावे.

पहिली नेमणूक शालेय किंवा कुमार गटाच्या साखळी सामन्यांची असावी. मॅटवरचे मैदान मिळाले तर उत्तम, कारण मातीच्या मैदानाच्या कडा उंच-सखल असतात आणि मागे सरकताना टाच अडकते. अंतिम सामन्याला हजारो प्रेक्षक, ढोल-ताशे आणि प्रमुख पाहुणे असताना पुनरागमन करण्याचा मोह होतो. तो सरळ नाकारावा.

सहावी पायरी : लक्षाची चाचणी

डॉक्टरांचा होकार मिळाल्यावरही शिट्टी हाती घेण्याआधी एक चाचणी स्वतःची स्वतः घ्यावी. एखाद्या स्थानिक स्पर्धेत, आयोजकांची परवानगी घेऊन, पंचाच्या मागे दोरीबाहेर उभे राहा आणि पूर्ण सामना मनातल्या मनात चालवा. कागदावर प्रत्येक वादग्रस्त चढाईचा आपला निर्णय लिहा आणि सामन्यानंतर मैदानावरच्या पंचांशी ताडून पाहा. चुका किती झाल्या यापेक्षा त्या कधी झाल्या, हे पाहावे. पहिल्या सत्रात निर्णय जुळतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत चुकतात किंवा रिकामेच राहतात, असे दिसले, तर कमर थकल्यावर डोळेही तिकडे जात आहेत, असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी आणखी काही आठवडे चालणे आणि व्यायाम वाढवून चाचणी पुन्हा घ्यावी. सोबत एखादा अनुभवी सहकारी असेल, तर त्याला आपल्या निर्णयांकडे नव्हे, आपल्या उभे राहण्याकडे पाहायला सांगावे. वजन एकाच पायावर टाकणे किंवा दर दोन मिनिटांनी कमरेला हात लावणे आपल्या स्वतःच्या लक्षात येत नाही.

औषधांचा मुद्दाही येथेच येतो. नसेच्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन किंवा वेदनेसाठीची ट्रामाडॉल यांमुळे गुंगी येऊ शकते. ही औषधे सुरू असताना शिट्टी हाती घेऊ नये, वाहनही चालवू नये, आणि सामन्यासाठी ती मनानेच बंदही करू नयेत. डॉक्टरांशी बोलून ती कमी होईपर्यंत टेबलावरच थांबावे.

सामन्याच्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात नीचांकी असल्याच्या बातम्या येतात. त्या दिवसांत सकाळचा सामना असेल तर मैदानावर पाऊण तास आधी पोहोचून, चालून अंग गरम करावे आणि कमर झाकलेली ठेवावी. बूट चांगली पकड असलेले असावेत, झिजलेले नसावेत. ढीग अंगावर येताना मागे उडी मारण्याऐवजी आधीच अर्धे पाऊल बाहेर उभे राहण्याची सवय करावी. त्या अंतराने नजरेत काही बिघडत नाही. सहपंचाला आपल्या शस्त्रक्रियेची कल्पना द्यावी आणि राखीव पंच मैदानावरच आहे, याची खात्री करून घ्यावी. खेळाडू किंवा मॅट उचलायला हात लावू नये, कितीही घाई असली तरी. मॅट गुंडाळताना आयोजक आपल्यालाही हाक मारतात.

सामन्यात किंवा नंतर कमरेत हलके दुखू लागले आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत निवळले, तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. दुखणे कमरेतून खाली मांडीत, पोटरीत किंवा पावलात उतरू लागले, तर मात्र ड्युटी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पाऊल उचलताना चवडा घसटणे, पायाची ताकद जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, ही तातडीची लक्षणे आहेत. त्यांच्यासाठी सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, जखमेतून पाणी येणे, पोटरी सुजून दुखणे किंवा अचानक दम लागणे, यांनाही हाच नियम लागू आहे.

काहींना मैदानावर परतता येणार नाही, हेही स्वीकारावे लागते. अनेक मणक्यांचे फ्यूजन झाले असेल किंवा पायाची ताकद पूर्ण परतली नसेल, तर कबड्डीच्या कडेला उभे राहण्याची जोखीम घेण्यात अर्थ नाही. पंच परीक्षेसाठी मुलांना तयार करणे, निरीक्षक म्हणून पंचांच्या कामाची नोंद ठेवणे, तांत्रिक समितीत बसणे, ही कामे करणारी जाणकार माणसे प्रत्येक तालुक्यात हवी असतात.

बाकीच्यांनी पहिल्या हंगामात एका संध्याकाळी दोनपेक्षा अधिक सामने घेऊ नयेत आणि लागोपाठ दोन दिवस ड्युटी घेऊ नये. प्रत्येक सामन्यानंतर दुसऱ्या सकाळी, अंथरुणातून उठल्या-उठल्या, पाय बधिर आहे का, चवड्यावर आणि टाचेवर चालता येते का, हे पाहून वहीत एक ओळ लिहावी. पुढच्या नेमणुकीच्या फोनला होकार त्या ओळीनंतरच द्यावा.